पहिली हाक खालून

आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही, हे मी आधीच सांगून टाकते. धबधबा आहे, पण तो वरच्या गावाचा. गुहा आहे, ती सरकारची, तिला दार आणि तिकीट. तळं आहे, त्यात बदकाच्या आकाराच्या होड्या आहेत, पण ते शहरातल्या कुणीतरी चालवायला घेतलंय. या तिघांच्या मधोमध आम्ही. मूठभर घरं, एक गिरणी, एक शाळा आणि संडास कुठे आहे हो म्हणून विचारत फिरणारे पाहुणे. आमच्या वाट्याला आली ती नुसती हवा. तीही दुसऱ्याचं बोलणं त्याचं त्याला परत करणारी.

त्या हवेचं नाव हाकेचा कडा. गावाच्या टोकाला जमीन एकदम संपते. समोर अर्धगोल डोंगर, खाली दाट झाडी आणि त्या झाडीत लपलेल्या तीन घळी. कड्यावर उभं राहून हाक मारली की समोरच्या डोंगरावरून ती तीन-चारदा परत येते. आम्हाला पूर्वी त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. उलट तापच होता, कुणाचं नवरा-बायकोचं भांडण झालं की साऱ्या दरीला ऐकू जायचं. मग गिरणीवाल्या काकांच्या डोक्यात आलं की लोक धबधब्याला येतात, गुहेला येतात, तर आपल्याकडे का नको? त्यांनी समिती काढली, तिचे अध्यक्ष झाले आणि रंगीत पाटी लावली, 'हाक मारा, उत्तर मिळेल.' झालं. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशा बस सुरू झाल्या.

बसचा ठरलेला क्रम असतो. सकाळी धबधबा, मग गुहा, जेवणानंतर होड्या आणि उन्हं उतरायच्या आत आमचा कडा. माणसं उतरतात, कठड्याला पोट लावून उभी राहतात आणि घसा फोडून ओरडतात. कुणी बायकोचं नाव, कुणी साहेबाला शिव्या, कुणी नुसतंच 'ओऽऽ'. माझी चहाची टपरी कठड्यापासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे खरोखरीच हाकेच्या अंतरावर. सुरुवातीला कान किटायचे, पुढे पंख्याच्या आवाजासारखं झालं. गावात आता कुणी कुणाला हाक मारत नाही. काम असेल तर चालत जायचं आणि बाही ओढायची. कड्यावर कोण काय ओरडतंय याच्याकडे तर आम्ही मानही वळवत नाही.

एक जुना नियम मात्र सगळ्यांना पाठ आहे, अगदी शाळेतल्या पोरांनासुद्धा. दरीत माणूस चुकला तर वरून हाक मारायची नाही. कारण वरची हाक खाली पोचेपर्यंत चार ठिकाणांहून येते, आणि चुकलेला माणूस भलत्याच दिशेला चालायला लागतो. आजोबांच्या काळात एक गुराखी असाच हाकेच्या मागे गेला आणि घळीत पडला. म्हणून पहिली हाक खालून यायला हवी. वरच्यांनी गप्प राहून कान द्यायचा, पहिला आवाज कुठून येतो ते बघायचं, बाकीचे सगळे खोटे. नियम चांगलाच आहे. तो वाईट आहे असं मी आजही म्हणू शकत नाही, तिथंच तर माझं घोडं अडतं.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल. त्याला सगळे पाल म्हणत, कारण तो कड्याला चिकटून चालायचा. पाहुण्यांच्या हातातून वस्तू पडतात. टोप्या, चष्मे, मोबाईल, एकदा तर लग्नाची अंगठी, तीही भांडणात मुद्दाम फेकलेली. धाकटा दोर बांधून खाली उतरायचा आणि ते शोधून आणायचा. आई म्हणायची, माझ्या पोटी माणूस जन्माला यायचा तो पाल जन्माला आली. पण त्याच्या कामात शिस्त होती. सकाळी, गर्दी नसताना, दगड कोरडा असताना उतरायचं, आणि दोराच्या वरच्या टोकाला त्याची बायको. ती माझी भावजय इतकी मिटल्या तोंडाची की चहात साखर कमी पडली तरी तसाच पिऊन टाकील. दोघांचं बोलणं दोरावरच चालायचं. एक झटका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ.

त्या दिवशी सुट्टी होती आणि सुट्टीला जोडून रविवार. बसवर बस. तशात एका आजोबांनी नातवंडांच्या आग्रहाखातर कठड्यावर वाकून अशी काही जोरात हाक मारली की कवळीच सुटून खाली गेली. हाक परत आली, कवळी नाही आली. लोक पोट धरून हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आजोबा मात्र तोंडाचं बोळकं हातानं झाकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

धाकट्याला ते बघवलं नाही. म्हणाला, खालच्या कातळाच्या ओट्यावरच अडकली असेल, हा गेलो नि हा आलो. मी म्हटलं उद्या सकाळी जा. तो म्हणाला, उद्यापर्यंत आजोबांनी काय हिरड्यांनी जेवायचं? भावजय तेव्हा घरी होती, पोरीला ताप होता. त्यानं दोर नेहमीच्या झाडाला बांधला आणि एकटाच उतरला. मी गिऱ्हाइकांत होते.

बराच वेळ झाला तरी तो वर येईना, तेव्हा मी जाऊन दोर ओढला. दोर हलका लागला. ओढत गेले तो सगळाच वर आला, टोकाची गाठ सोडलेली. म्हणजे कवळी ओट्यावर नव्हती, आणखी खाली दिसली असणार, आणि दोर पुरेना म्हणून त्यानं तो कमरेचा सोडला. पालीला कशाला दोर, असं त्याला वाटलं असेल.

तेवढ्यात मला ऐकू आलं. "ताईऽऽ."

आवाज त्याचाच होता. घाबरलेला नव्हता, दुखलेला होता. मी कान टवकारले. पण कठड्यावरच्या पोरांनाही तो ऐकू गेला होता, आणि पाटीवर लिहिलं होतं ना, उत्तर मिळेल म्हणून. त्यांना वाटलं समोरच्या बाजूला कुणी गमत्या आहे. ती सगळी मिळून ओरडली, "ताईऽऽ". डोंगरानं ते घेतलं आणि चारदा परत दिलं. मग दुसऱ्या बसवाले ओरडले. साऱ्या दरीत ताई ताई ताई झालं. इतक्या जणांनी मला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती. त्यातली खरी एकच होती, आणि ती कोणती ते मला कळेना.

मी जीव तोडून ओरडले की गप्प बसा, माझा भाऊ खाली पडलाय. दरीनं माझंच 'पडलाय, पडलाय' परत केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं मोबाईल माझ्यावर धरला आणि परत एकदा म्हणा म्हणाली, कारण पहिल्यांदा तिचं चालू करायचं राहिलं होतं. तिला मी काय बोलले ते इथं सांगत नाही. पण तेही चारदा ऐकू आलं आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

अध्यक्ष काका धावत आले. पिठानं पांढरे झालेले, तसेच. त्यांनी कर्णा आणवला आणि कर्ण्यातून सूचना सुरू केली की कृपया शांतता राखा. मग काय विचारता! कर्ण्याचा आवाज दरीत गेला आणि असा गडगडून परत आला की लोकांना वाटलं हा कार्यक्रमच आहे, आणि प्रत्येक 'राखा'ला ते जोरात साथ द्यायला लागले. शिट्टीवाल्या रखवालदारानं शिट्टी फुंकली, तर पोरांनी तोंडात बोटं घालून त्याच्यापेक्षा भारी शिट्ट्या मारल्या. आम्ही जे जे करायला जावं, त्याचा आवाजच व्हायचा.

गावातले दोघं हिंमत करून दोरावरून ओट्यापर्यंत उतरून आले. ओटा रिकामा होता, खालची झुडपं मोडलेली होती आणि त्याच्या खाली तिन्ही घळींकडे उतार. कोणत्या घळीत जायचं? खालची लांबची वाट नुसती घळींच्या तोंडापर्यंत जाते. एकेक घळ धुंडाळायची तर सबंध दिवस जाईल, आणि तशी उतरणारा गावात एकच माणूस होता. तो खाली होता. शहरातल्या बचाव पथकाला फोन केला. निघालो म्हणाले. पण रस्ता एकच, आणि तो कड्यावर येणाऱ्या बसनी भरलेला.

मधूनमधून धाकट्याची हाक यायची. यायची म्हणजे, मला वाटायचं की ती त्याची. मी उजवीकडे धावायची, भावजय डावीकडे. तिला कुणीतरी घरून आणलं होतं, पोर शेजारणीकडे टाकून ती तशीच अनवाणी आली होती. आम्ही दोघी कठड्याच्या दोन टोकांना कान लावून, आणि आमच्यामध्ये शेकडो माणसं मजेत ओरडतायत. मी एकेकापाशी जाऊन हात जोडले. खरं सांगते, लोक वाईट नव्हते. ज्याला कळलं तो चटकन गप्प झाला, काहींची तोंडं पांढरी पडली. पण एक बस गप्प करावी तर दुसरी उतरायची. तिच्यातल्या लोकांना काय ठाऊक? ते आपले सकाळी धबधबा, मग गुहा, मग होड्या करून आलेले, आणि आता हाक मारायची वाट बघत असलेले. चाळणीनं पाणी उपसावं तसं चाललं होतं. मी शेवटी टपरीपाशी मटकन बसले आणि कपाळ बडवून घेतलं.

मग भावजय उठली. एक अक्षर न बोलता वळणावर चालत गेली आणि रस्त्यात मधोमध आडवी झोपली. येणारी बस करकचून थांबली. चालक उतरून अंगावर आला, ओरडला, मग तिचं तोंड बघून त्यानं चावी काढून खिशात घातली आणि मागच्या बसवाल्यांना हातानं थोपवलं. इकडे कठड्यावर ते बिनदातांचे आजोबा गर्दीत शिरले. बोललेलं तर त्यांचं कुणाला कळत नव्हतं. ते नुसते प्रत्येकापुढे उभे राहायचे, आपला हात आपल्या तोंडावर दाबून धरायचे आणि मान हलवायचे. डोळे वाहत होते. त्यांचं बघून माणसं तोंडावर हात ठेवायला लागली. एकाचं बघून दुसरा, आयांनी पोरांच्या तोंडावर ठेवले. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू आवाज बसत गेला.

आणि कडा गप्प झाला. उन्हं अजून होती. माझ्या टपरीवरचं आधण खदखदत होतं, ते मी विझवलं. एक तान्हं रडायला लागलं, तर त्याची आई त्याला घेऊन दूर पळाली. एवढ्या माणसांची अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या मनात आलं, सुटलो. आता धाकटा हाक मारील, पहिला आवाज कळेल आणि दोन तासांत तो वर येईल. मला इतकं बरं वाटलं की रडू फुटेल म्हणून मी पदर तोंडात कोंबला.

अध्यक्ष काकांनी गावची माणसं कड्यावर थोड्या थोड्या अंतरानं उभी केली, जुन्या पद्धतीनं. प्रत्येकानं एक कान दरीकडे केलेला. आता पहिली हाक खालून यायची होती.

आली नाही.

आम्ही वाट बघितली. दम घेत असेल. पाणी पाणी करत असेल, घसा बसला असेल. भावजय कठड्यापाशी परत आली होती. तिनं एकदा तोंड उघडलं. तिच्या ओठांवर त्याच्यासाठीची हाक आली होती, मला दिसली. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. कुणी तिला अडवलं नाही, नुसतं बघितलं. तो जखमी आहे, वरून हाक ऐकून सरपटत निघाला आणि भलत्या बाजूला गेला तर? तिनं तोंड मिटलं. तिलाही नियम पाठ होताच की.

दरी काळवंडली तरी आम्ही कान देऊन उभे. पाहुणे एकेक करून गेले, तेही चवड्यांवर चालत, गाड्या ढकलत उतारापर्यंत नेऊन मग चालू करत. जाताना बायका माझा हात दाबत होत्या. पथक दिवेलागणीला पोचलं. त्यांनी खाली बघितलं आणि सांगितलं की अंधारात या घळींत माणसं उतरवली तर एकाचे चार होतील, उजाडताच उतरू. त्यांच्यावर मी काय चिडणार? चिडून झालं, हातापाया पडून झालं. शेवटी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी तो मधल्या घळीत सापडला. ओट्यापासून फार लांब नव्हता. मांडी मोडलेली, पोटात मुका मार, पण शुद्धीवर होता. मी नि भावजय पथकाच्या मागोमाग खालच्या वाटेनं घळीच्या तोंडाशी जाऊन थांबलो होतो, आम्हाला कुणी अडवू शकलं नाही. कवळी काही मिळाली नाही, कुणी शोधलीही नाही. त्याला कापडी डोलीत घातला आणि आम्ही गाडीकडे निघालो. वाट लांबची, दगडगोट्यांची. मी डोलीला धरून चालत होते. गाडीपर्यंत तो आमच्याशी बोलत होता. गाडीत चढवला तेव्हा तो राहिला नव्हता.

वाटेत त्यानं पहिल्यांदा पोरीच्या तापाचं विचारलं. उतरला, असं मी सांगितलं. मग मला राहवेना. मी विचारलं, "अरे, आम्ही सगळा कडा गप्प केला होता. मग तू हाक का नाही मारलीस?"

ते म्हणताक्षणी मला कळलं. नियम त्यालाही ठाऊक होता. पण त्याच्या जन्मात तो कडा एकाच कारणानं गप्प झाला होता. शेवटची बस गेली की तो गप्प व्हायचा. घळीत तर ऊन कधीच पोचत नाही, तिथं दुपारीसुद्धा तिन्हीसांजेसारखंच वाटतं. माणसांचा आवाज होता तोवर तो ओरडत राहिला होता, कारण वर माणसं होती.

कडा गप्प केल्याचं मी बोलले ते बहुतेक त्याला ऐकू गेलंच नव्हतं. तो डोळे मिटूनच बोलला, जरा ओशाळल्यासारखा, काम अर्धं टाकून आल्यासारखा.

"एकदम सगळे गेलात ना, ताई. मला वाटलं संध्याकाळ झाली, गाव घरी गेलं. रिकाम्या कड्याला हाका मारून काय उपयोग? म्हटलं आता घसा राखू, उद्या बस आल्या की ओरडू."

डोलीच्या पलीकडून त्याची बायको चालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. कड्यावर त्या वेळी सबंध गाव उभं होतं, एका रांगेत, श्वास रोखून, त्याच्याकडे कान करून, हे मी त्याला सांगायला हवं होतं की नको, मला अजूनही कळत नाही.

"हो रे," मी म्हटलं, "संध्याकाळ झाली होती. आम्ही घरी गेलो होतो."